तारेपलीकडचा फोटो

मित्रांनो, कॅमेऱ्याला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. मी बेंगळूरच्या एका मराठी घरातला जुना, साधा कॅमेरा आहे. माझे निम्मे आयुष्य भीतीतच गेले, म्हणून आधी तेच सांगतो.

पहिली भीती चिकपेठेतली. तिथे पिराजींच्या दुकानात जुने कॅमेरे विकायला असत. जो बरेच दिवस विकला जात नसे, त्याचे स्क्रू, स्प्रिंगा, भिंग काढून पिराजी दुसऱ्याला बसवीत. माझ्या शेजारचा असाच पोकळ झाला. पुढची पाळी माझी होती.

१९६४ सालच्या एका शनिवारी हलसूरचे गुंडूराव आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला, कावेरीला, घेऊन दुकानात आले. गुंडूराव विमानांच्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते. कावेरीला पक्ष्यांचे वेड. तिने बोट ठेवले ते लांब भिंगाच्या परदेशी कॅमेऱ्यावर.

"अण्णा, पक्षी काढायचे तर हाच पाहिजे."

किंमत ऐकून अण्णांनी खिशातल्या नोटा मोजल्या आणि परत ठेवल्या. पिराजींनी मला पुढे सरकवले.

"अक्का, त्या भिंगाला हात जरासुद्धा हलून चालत नाही. खाली तिवई लागते. हा साधा आहे, ह्याचं भिंग बदलत नाही, पण स्वच्छ आहे. आधी ह्याच्यावर हात बसू दे. लांबचं बारीक दिसलं, तर आपणच स्वल्प पुढं जायचं."

"सरी, हाच द्या," अण्णा म्हणाले. कावेरीचा चेहरा पडला. मी मात्र सुटलो होतो.

पण ती मनाने मोठी. घरी गेल्यावर तिने माझ्यासाठी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. पहिल्या रिळात बगळे म्हणजे पांढरे ठिपकेच आले. मग ती पुढे सरकायला शिकली. श्वास रोखून, पाऊल न वाजवता, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून. वर्षभरात तिच्या शाळेच्या भिंतीवर आमचा एक पाणकावळा लागला. बाई म्हणाल्या, "हा ह्या डब्यानं काढलाय?" मला डबा म्हटल्याचे वाईट वाटले नाही.

मग १९६५ चा सप्टेंबर आला. लढाई सुरू झाली. रेडिओवर सारख्या बातम्या. घरोघर खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले. अनोळखी माणसाकडे लोक वळून वळून बघू लागले. त्या रविवारी कावेरी सायकलवरून मारतहळ्ळीकडच्या तळ्यावर गेली. एक मोठा बगळा तारेच्या कुंपणापलीकडे उभा होता. माझ्या भिंगात तो तांदळाच्या दाण्याएवढाही दिसेना. कावेरी पुढे सरकली. आणखी पुढे. तारेखालून वाकून आत गेली. तिने खटका दाबला, तेव्हाच मला दिसले की बगळ्याच्या मागे लांबलचक छपरे आहेत. अण्णांच्याच कारखान्याची.

"ए! कोण आहे तिथं?" पहारेकरी ओरडला.

कावेरी पळाली. मी तिच्या छातीवर आपटत होतो आणि तिच्या काळजाचे ठोके माझ्या पाठीवर पडत होते. घरी ती काहीच बोलली नाही.

सोमवारी संध्याकाळी अण्णा कामावरून आले ते पांढरेफटक होऊन. त्यांनी दार लावून घेतले.

"कारखान्यात एकच बोलणं चाललंय. फोटो काढून एक मुलगी पळाली म्हणे. हेर असेल म्हणतात. कावेरी, तू कुठं होतीस काल?"

तिने सांगितले. अण्णांनी मला उचलले आणि अंगठा माझ्या मागच्या झाकणावर ठेवला. झाकण उघडले की उजेड आत शिरून सगळे रीळ जळणार. मग मला विहिरीत टाकले असते तरी कुणाला कळले नसते.

"कुणी बघितलं नाही तुझं तोंड. आपण ह्यात नाहीच. नोकरी जाईल, तुरुंगात घालतील आपल्याला."

"मग त्यांनी कुणालाच पकडलं नाही?"

अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. म्हणाले, "तळ्यावर गवत कापते ना, ती यल्लव्वा. ती मुलगी कोण ते सांग म्हणून सकाळपासून पोलीस चौकीत बसवून ठेवलंय तिला."

"तिला काय ठाऊक असणार अण्णा? ती फक्त येता-जाता मला हाक मारायची, माझं नावगावही तिला माहीत नाही. तिच्या जागी मी बसलं पाहिजे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिले. मग अंगठा काढला, मला पंच्यात गुंडाळले आणि पायांत चपला घातल्या.

चौकीत यल्लव्वा बाकावर अंग चोरून बसली होती. डोळे सुजले होते. साहेबांनी विचारण्याआधीच कावेरी म्हणाली, "ती मुलगी मीच. मी बगळा काढत होते. हिला सोडा."

यल्लव्वाला सोडले. मला टेबलाच्या खणात कोंडले. पाच दिवस मी त्या अंधारात किल्लीचा आवाज ऐकत होतो. अण्णांना कामावर यायचे नाही म्हणून सांगितले होते. रीळ धुऊन आले. अकरा फोटोंत नुसते पक्षी, बाराव्यात छपरे. साहेबांनी तेवढा तुकडा कात्रीने कापून ठेवून घेतला, कावेरीला सक्त ताकीद दिली आणि मला टेबलावर सरकवले. अण्णा पुन्हा कामावर जाऊ लागले.

संकट टळले, पण भीती घरातच राहिली. मला ट्रंकेत टाकले. कावेरी सायकल चालवीनाशी झाली. दारावर थाप पडली की दचके. ट्रंकेत दमट हवा. माझ्या भिंगाच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरू लागले. दोन वर्षे गेली.

एका रविवारी सकाळी झाकण उघडले. अण्णा होते. त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसले आणि अंगणात नेले.

"रीळ आणलंय."

"नको अण्णा. मला भीती वाटते."

"मलाही वाटते गं. म्हणून आधी मलाच काढ."

त्यांनी खुर्ची टाकली आणि ताठ बसले. मांडीवरचे हात कापत होते, ते त्यांनी लपवले नाहीत. कावेरीने मला उचलले. बराच वेळ ती एका जागी उभी राहिली. मग एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. खटका वाजला.

पिराजींनी नंतर माझे भिंग उघडून पुसले, पण बुरशीने काच खाल्ली होती. तो फोटो धुक्यातला असावा तसा आला आहे. माझ्या सगळ्या फोटोंत घरच्यांनी भिंतीवर लावला तो तेवढाच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला पेटीत कोंडू नका. अधूनमधून कोरडी हवा द्या, मऊ फडक्याने पुसा. आणि घरात कुणी धसका घेऊन गप्प झाले असेल, तर त्याला 'घाबरू नकोस' एवढेच म्हणू नका. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसा.