कोमट पोतं

धाकट्याने लाल सुतळीची गाठ दातांनी सोडवली. एक डोळा दारावर होताच. दादा पलीकडच्या खोलीत जेवत होता, आणि दादाचं जेवण म्हणजे निवांत काम.

डाळगिरणीच्या गोदामात, बंद ड्रायरच्या बाजूला, हरभऱ्याच्या बियाण्याची दोन पोती जुळ्या भावांसारखी उभी होती. लाल सुतळीचं धाकट्याला द्यायचं, साध्या सुतळीचं दादाच्या रानासाठी. तेवढाच फरक, आणि तो धाकट्याने आत्ता उलटा करून टाकला. लाल तिकडे, साधी इकडे. गाठीसुद्धा दादासारख्या, दोन वेढे आणि एक पीळ.

लहानपणी खिडकीकडची गादी दादाची, कलिंगडाचा गाभाही दादाचाच. बियाण्यातलं सरस त्याने स्वतःला ठेवलं असणार, यात धाकट्याला तिळमात्र शंका नव्हती. पीक वर आलं की चारचौघांत सांगायचं आणि दादाचं तोंड बघायचं, एवढाच बेत.

पोती जागेवर सरकवताना त्याने आधी लाल सुतळी असलेल्या पोत्याला मिठी मारली. कोमट लागलं. उन्हात ठेवलं असेल, म्हणत त्याने हात झटकले.

दादा हात पुसत आला. "बघ, तुझं बी. घरचं आहे, डोळे झाकून पेर."

"डोळे झाकले तर दुसऱ्याच्या रानात पेरीन की."

दादा हसला नाही. "चेष्टा पुरे. गिरणी सोडून निघालायस. नाही जमलं तर लाजू नकोस. तुझी जागा आहे इथे."

"कुठली, ड्रायरपाशी?"

"मग काय, माझ्या खुर्चीत बसवू?"

ड्रायरपाशी धाकट्याची अर्धी जवानी गेली होती. आता खंडाने घेतलेलं हे रान उगवलं तर तो स्वतःचा, नाही तर पुन्हा दादाचा. लाल सुतळीचं पोतं खांद्यावर टाकून तो शीळ घालत बाहेर पडला. घरी बायकोला सुतळ्यांची अदलाबदल सांगितली तेव्हा ती आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसली.

हरभरा असा उगवला की बायको बांधावर बसून नुसती बघत राहायची. पलीकडच्या बांधापासून दादाचं रान सुरू व्हायचं. तिथे काळी माती जशीच्या तशी होती. धाकट्याला वाटलं, दादाने पेरायला उशीर केला असेल.

एका सकाळी दादा तिकडे उकिडवा बसून माती उकरताना दिसला. मग उठला आणि बांध ओलांडून आला. तळहातावर चार-पाच दाणे. फुगलेले, बुळबुळीत, एकालाही मोड नाही.

धाकट्याच्या ओठांवर ते वाक्य येऊन बसलं होतं. किती दिवस जपलेलं. त्याने घसा साफ केला.

दादाचं लक्ष मात्र त्याच्याकडे नव्हतं. तो हिरव्या ओळींकडे बघत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तुझं कसं काय उगवलं?"

माझं का नाही उगवलं, हे सोडून दादा धाकट्याचं कसं उगवलं ते विचारत होता.

त्याचे दोन्ही हात नकळत पुढे आले, त्याच्यासाठी बांधलेलं ते पोतं धरल्यासारखे. कोमट. गोदामाला एक खिडकी नाही, ऊन कुठून येणार? आणि ड्रायरमधून निघालेल्या दाण्याला मोड येत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्याने हात खिशात घातले.

बायको चहाची किटली घेऊन आली. दादाच्या हातातले दाणे बघून तिला हसू आवरेना.

"सांगितलं का यांना?"

"काय सांगायचंय?" दादाने विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला. "चहा ओत."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने कप भरले.

दादाने चहा उभ्यानेच प्यायला. दाणे त्याने केव्हाच मातीत टाकले होते, तरी हात धोतराला पुसत होता. "दुबार पेरावं लागणार," तो म्हणाला. "आता बी कुठलं आणू?"

धाकटा खोपटात गेला. पोत्याच्या तळाशी उरलेलं बियाणं त्याने पिशवीत ओतलं, लाल सुतळीने बांधलं. दोन वेढे, एक पीळ. बाहेर येऊन पिशवी दादाच्या हातात दिली. दादाची नजर गाठीवरून हलेना.

"पेरायच्या आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघ," धाकटा म्हणाला. "मी बघितलं नव्हतं."