आतला कागद

तांग मास्तरांनी बुद्धाच्या चित्रावर पाण्याने निथळणारा रुंद कुंचला फिरवला. एकदा, दोनदा, आणि मग वाटीत उरलेलं पाणीही सरळ ओतून टाकलं. कमला खुर्चीतून ताडकन उठली.

चित्र टेबलावर पालथं पडलं होतं. मागे चिकटवलेला कागद भिजून फुगत चालला होता. छप्पन्न साली नागपुरात दीक्षेच्या गर्दीतून आईने हे चित्र विकत घेतलं, चाळीस वर्षं जिवापाड जपलं, आणि आज मिशिगनमध्ये एका चिनी म्हाताऱ्याने ते पाण्यात घातलं.

"भिजलं ते," अखेर तिच्या तोंडून निघालं.

"भिजवायचंच असतं," मास्तर म्हणाले. "कोरडं सोडवलं तर फाटतं."

"मॉम, रिलॅक्स. ही नोज व्हॉट ही इज डूइंग," पंधरा वर्षांची दीक्षा म्हणाली. दर शनिवारी ती मास्तरांकडे चिनी अक्षरलेखन शिकायला येत असे. मॅडिसन हाइट्समधल्या एका चिनी किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत हा वर्ग भरायचा. खोलीला सुक्या मासळीचा आणि शाईचा वास होता. मुली तासन्‌तास एकच अक्षर गिरवायच्या, आणि एखादं चांगलं उतरलं तर मास्तर त्याच्या कोपऱ्यात लाल शिक्का उमटवायचे. दीक्षाला दोन वर्षांत असे चार शिक्के मिळाले होते. पण मास्तरांचा खरा धंदा चित्रं मढवण्याचा. जुन्या चित्रांचे मागचे कुजके कागद काढायचे आणि नवे लावायचे, हे त्यांच्या घरात सूचौ शहरात आजोबांपासून चालत आलेलं.

आई डिसेंबरात गेली. भाऊ ईश्वरने ओळखीच्या माणसाबरोबर चित्र पाठवलं ते चार ठिकाणी चिरफाळलेलं. येत्या बुद्धजयंतीला कमलाच्या ट्रॉयमधल्या घरी पंधरा कुटुंबं जमणार होती. तेव्हा ते हॉलमध्ये लावायचं, आणि कमलाने आईवर बोलायचं, असं ठरलं होतं. तिचं ते भाषण सगळ्यांना तोंडपाठ होतं. अंगठा उठवणाऱ्या बाईने पोटाला चिमटा घेऊन लेकीला पीएच.डी. केलं. लेक आता मोटारींच्या रंगांच्या प्रयोगशाळेत आहे. शेवटी ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायची. हॉस्पिटलच्या खिडकीत आईने अंगठा पुढे केला, आणि मीच तो शाईत बुडवून कागदावर टेकवला. इथपर्यंत आलं की निदान दोन काकू तरी डोळे पुसत.

मास्तरांनी चिमट्याने कागदाचा एक कोपरा उचलला. तो अलगद सुटून आला. त्यांनी बोटाला लागलेला चिकट पदार्थ हुंगला आणि मान डोलावली.

"गव्हाची?"

"खळ," कमला म्हणाली. "पीठ शिजवून आई करायची."

"छान पातळ केलीय. आम्हीही अशीच करतो. पुढच्या माणसाला सोडवता आली पाहिजे."

कमलाला याची गंमत वाटली. पत्र्यावर चढलेला रंग कधीच सुटू नये, म्हणून कंपनी तिला पगार देत होती. तिचा जीव आता जरा थाऱ्यावर आला. वरचा तपकिरी कागद निघाला आणि खाली दुरेघी वहीचं एक पान दिसलं, पेन्सिलीने गच्च भरलेलं. मास्तरांनी ते चिमट्याने उचलून दुसऱ्या काचेवर पसरलं आणि टिपकागदाने पाणी टिपलं. पेन्सिलीला पाण्याने काही झालं नव्हतं.

"मॉम, लुक, मराठी," दीक्षा म्हणाली.

कमला वाकली. अक्षर ओबडधोबड, पहिलीतल्या पोराचं असावं तसं. पण त्या अक्षराची ठेवण तिच्या ओळखीची होती. रकाराचा पाय लांब ओढायची खोड तिची स्वतःची. आणि ओळही तिचीच होती.

'आईला इकडे आणायचं खूळ डोक्यातून काढून टाक.'

खाली पुन्हा तीच ओळ, त्याखाली पुन्हा तीच. तिने टेबलाची कड धरली.

अठ्ठ्याऐंशी साली तिने ईश्वरला हे लिहिलं होतं. तिच्या पाकिटात नेहमी दोन कागद असत. वरचा आईला वाचून दाखवायचा. त्यात बर्फ, दीक्षाचे दात, तब्येतीला जप. आतला फक्त ईश्वरसाठी. बारा वर्षं ही पद्धत बिनबोभाट चालली होती, कारण आईला वाचता येत नव्हतं.

मास्तर नाकावर चष्मा ओढून पानावर झुकले होते. मराठीचं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं, पण लिहिणाऱ्याचा हात ते वाचू शकत. जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी?

"हा विद्यार्थी मोठ्या वयाचा आहे," ते म्हणाले. "हात कष्टाचा, जड. कोणाचं तरी अक्षर समोर ठेवून गिरवतोय. एक ओळ आठ वेळा. दीक्षा, बघ, तू तिसऱ्या वेळी कंटाळतेस." मग त्यांचं बोट पानावरून खाली सरकलं. "इथवर तो चित्र काढतोय. रेघ आहे, वळण आहे, अर्थ नाही. आता इथे बघा."

नवव्या वेळी ओळीच्या मध्येच पेन्सिल थांबली होती. टोक दाबल्याने कागदाला भोक पडलं होतं.

"इथे त्याला कळलं," मास्तर म्हणाले. "यानंतर गिरवणं नाही. हे लिहिणं आहे."

खरंच, त्यापुढची प्रत्येक ओळ एकदाच लिहिली होती. 'इथे चारचौघांत तिला कुठे बसवू? तिला साधी सही येत नाही. व्हिसा मिळत नाही असं सांग.' आणि तळाशी, जागा सोडून, थोड्या मोठ्या अक्षरांत, 'अहिल्या सखाराम मेश्राम'.

कमलाचे कान बधिर झाले. पलीकडे दुकानात कोणी तरी तांदळाचं पोतं आपटलं, ते तिला फार लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे ती हॉस्पिटलची खिडकी आली, त्या पत्रानंतर दोन वर्षांनी ती भारतात गेली होती तेव्हाची. कारकुनाने विचारलं होतं, सही की अंगठा? आई तोंड उघडणार, तेवढ्यात कमलाच म्हणाली होती, अंगठा. आईने लेकीकडे पाहिलं होतं. फार नाही, क्षणभरच. आणि मग हात पुढे केला होता.

"व्हॉट डज इट से?" दीक्षाने विचारलं.

"काही नाही. धडा गिरवलाय आजीने."

"वेट, आजी कुड राइट?"

कमलाने पर्स उचलली. "चल, उशीर होतोय."

ही गोष्ट घरात झाकून राहणं शक्यच नव्हतं. दीक्षाने जेवताना बाबांना सांगितली, आणि विवेकने हातातला घास खाली ठेवला. तो मुळात उत्साही माणूस, त्यात जयंतीचा कार्यक्रम त्याच्याच गळ्यात होता.

"कमला, तू बोलली नाहीस? यार, म्हातारपणी लिहायला शिकली बाई! तुझ्या स्पीचमध्ये अ‍ॅड कर हे. ते पान फ्रेम करू आणि चित्राच्या बाजूला लावू. लोक येऊन वाचतील."

"वाचतील," कमला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ईश्वरला फोन लावला. पान सापडलं एवढंच सांगितलं, पानावर काय आहे ते सांगितलं नाही.

"जायची ती दुपारच्या साक्षरता वर्गाला, बायकांसोबत," ईश्वर म्हणाला. "घरी तुझी पत्रं समोर ठेवून गिरवायची. मला शपथ घातली होती, कमलाला सांगायचं नाही, मीच पत्र लिहीन म्हणून. मग एक दिवस वर्ग सोडला. मी लाख विचारलं, ताई, पण ती बोलली नाही. त्याच आठवड्यात म्हणाली, मला अमेरिकेला जायचं नाही, पोरीला कळव. आणि चित्राला मागून कागद लावत बसली."

तसं त्याने कळवलंही होतं. ते पत्र वाचून आपल्याला हायसं वाटलं होतं, हे कमलाला स्वच्छ आठवलं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि आईचा रागही आला. एकदा शिव्या का घातल्या नाहीत? एकदा तरी पेन हातात घेऊन का दाखवलं नाही?

तीन आठवडे तिने भाषणाचा कागद हातात धरला नाही. विवेक रोज विचारी, ती रोज उद्यावर टाकी. जयंतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती दीक्षाला घेऊन मास्तरांकडे निघाली. काय करायचं ते तिने मनाशी पक्कं केलं होतं. ते पान होतं तिथेच, चित्राच्या पाठीला, परत चिकटवून टाकायचं. आईनेच लपवलं होतं ना? मग आईच्याच मर्जीप्रमाणे होईल. विवेकला सांगायचं, पाण्याने खराब झालं.

चित्र तयार होतं. नव्या पांढऱ्या कागदावर बुद्ध ताणून बसवला होता आणि चिरा जवळ जाऊन शोधाव्या लागत होत्या. पेन्सिलीचं पानही मास्तरांनी मागून कागद लावून सपाट केलं होतं, पण मढवलं नव्हतं.

"याचं काय करायचं ते तुम्ही सांगितलं नाही," ते म्हणाले.

"मागे लावता येईल? दिसणार नाही असं?"

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "येईल. लपवायला मला फार चांगलं येतं. आमच्याकडे सांस्कृतिक क्रांतीची ती दहा वर्षं आली, तेव्हा जुनी चित्रं घरात ठेवणं गुन्हा होता. गल्लीतले लोक पूर्वजांची चित्रं घेऊन यायचे. मी त्यांच्यावर घोषणा चिकटवायचो. वर लाल अक्षरं, खाली कोणाचा तरी आजोबा. खळ मुद्दाम पातळ ठेवायची."

"मग?"

"काही जण नंतर सोडवायला आले." मास्तरांनी कुंचला पाण्यात बुडवून झटकला. "पुष्कळ जण आले नाहीत. त्यांच्या नातवंडांना वाटतं, घरात नुसती घोषणाच होती."

ते खळीचं भांडं घेऊन आले आणि चित्र पालथं करू लागले. कमला बघत राहिली. आईची खळही पातळच होती. उलथन्याने घोटताना ती थेंब बोटावर घेऊन बघायची, आणि दाट झाली तर पाणी घालायची. आता कमलाला राहवेना.

"थांबा," ती म्हणाली.

मग तिने दीक्षाला जवळ बोलावलं, पानावर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आधी मराठीत, मग एकेक वाक्य इंग्रजीत. आवाज तिने दबका केला नाही. 'तिला साधी सही येत नाही' इथे ती अडखळली, पण ते वाक्य गाळलं नाही. दीक्षा ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"दॅट्स हॉरिबल," ती हळूच म्हणाली. "आजीबद्दल असं कोणी लिहिलं?"

"अक्षर आजीचं आहे."

"बट हू सेड इट?"

"मी."

दीक्षा एक पाऊल मागे सरकली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कमलाने तिला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आपल्याला आज नाही, असं तिला वाटलं.

मास्तरांनी किती ऐकलं, कोण जाणे. त्यांनी खळीचं भांडं बाजूला ठेवलं आणि पानाभोवती चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाची रुंद किनार बसवली.

"बाजूला लावणार?"

"हो. चित्राशेजारी."

"आमच्यात असं आहे," किनार कोरडी झाल्यावर ते म्हणाले. "चित्र ज्याच्या हाती येतं, तो आपला शिक्का त्यावर उमटवतो. मी पाहिलं, मी मान्य केलं, एवढाच अर्थ. शिक्का नसेल तर नाव लिहिलं तरी चालतं." त्यांनी चिनी मातीची डबी उघडली. आत शिक्क्याच्या शाईचा लाल लगदा होता, दीक्षाचे चार शिक्के ज्यातून उमटले होते तोच. शेजारी त्यांनी बारीक कुंचला ठेवला.

कमलाने कुंचल्याकडे पाहिलंही नाही. तिने उजव्या हाताचा अंगठा त्या लाल लगद्यात दाबला.

दीक्षा खिडकीपासून मागे वळली होती. "मॉम," ती म्हणाली, "यू कॅन साइन. तुला नाव लिहिता येतं."

"तिलाही येत होतं," कमला म्हणाली, आणि आईच्या सहीखाली अंगठा टेकवला.