घंटा वाजवून येणारं भूत

“चादर तेवढी मागून घे तिच्याकडून. तिला नको जत्रेत. चांगली आहे गं पोर, पण बोलेल तर शपथ. तिथं तिचा काय उपयोग?”

“मागते की. चादर बोलत नाही, तीही बोलत नाही. दोघींचं बरं जमतं.”

पहिलं बोलणं सासूबाईंचं, म्हणजे कृष्णाबाईंचं. दुसरं त्यांच्या थोरल्या सुनेचं, कल्पनावहिनींचं. दोघी कपड्यांच्या दोरीच्या अलीकडे उभ्या होत्या. पलीकडे धाकटी सून नीला उशांचे अभ्रे पिळत होती, ते त्यांना माहीत नव्हतं. कारण मधे दोरीवर मी होते.

मी एक सोलापुरी चादर बोलतेय. पांढरी, काठाला बोटभर निळी पट्टी. दोन्ही बाजूंचं ऐकू येणं हा चादरीच्या जातीचा गुणच आहे, त्याला माझा इलाज नाही. नीलाने पिळलेला अभ्रा पुन्हा पिळला. पाणी कधीच संपलं होतं.

माझा जन्म सोलापुरातल्या एका मागावर झाला. माझ्या आधी त्या मागावरून लाल-हिरव्या फुलांच्या, मोरांच्या चादरी निघाल्या. माझ्या वेळी विणकर म्हणाला, “ही पांढरी कोण घेणार?” पण नीलाच्या आईने दुकानात पहिला हात मलाच लावला. “पाहुण्यांसाठी होईल,” असं त्या म्हणाल्या आणि माझं नशीब तिथेच ठरलं. पाहुण्यांसाठी ठेवलेली वस्तू म्हणजे कुणासाठीच नसलेली वस्तू.

लग्नात मी रुखवतात मिरवले. नंतर डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत बसून बंगळूरला आले, राजाजीनगरातल्या या घरी. पाहुणे आले. त्यांच्यासाठी सासूबाईंनी जुनी सतरंजी काढली. “नवी कशाला मळवायची?” दिवाळीच्या आधी ट्रंकेला ऊन दाखवतात, म्हणून मी त्या दिवशी दोरीवर होते. एरवी मला आभाळ माहीत नव्हतं.

तर जत्रेबद्दल सांगते. दिवाळी झाली की इथलं मराठी मंडळ शाळेच्या आवारात तीन संध्याकाळी जत्रा भरवायचं. झुणका-भाकर, रिंगा फेकायचा खेळ, हात बघणारे एक आजोबा. आणि शाळेच्या दोन वर्गांत भूतबंगला. भूतबंगला चंद्रकांतभाऊजींचा. ते नीलाचे थोरले दीर, कल्पनावहिनींचे यजमान. एका मोठ्या कारखान्यात अवजड माल उचलणाऱ्या क्रेनच्या खात्यात होते. वर्षभर ते यंत्रं चालवत, आणि वर्षभर मनात भुतं.

भाऊजीही कमी बोलणारे. नीला लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघरातली फळी तिला उंच पडायची. ती टाचा उंचावून डबे काढायची. आठवड्याने फळी आपोआप खाली आली होती. कुणी केलं ते कुणी सांगितलं नाही. पण पटाशी आणि स्क्रू भाऊजींच्या खोलीत असतात, एवढं तिला दिसत होतं.

वहिनींनी मला मागितलं. नीलाने मला घडी घालून दिलं. सोबत सुईदोराही दिला. तिला कशाचा तरी अंदाज असावा.

भाऊजींचं भूत असं होतं. वर्गाच्या छतालगत एक तार. तारेवर कप्पी. कप्पीला बांबूची चौकट, आणि चौकटीवर मी. भिंतीमागे मोटर. बटण दाबलं की मी अंधारातून थेट लोकांच्या अंगावर जायचं. बटणाशी मल्लाप्पा बसायचा. तो भाऊजींच्याच हाताखालचा, निपाणीकडचा, मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारा.

पहिल्या संध्याकाळी मी थरथरत होते. जन्मात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडणार होते ना. पहिलं कुटुंब आत आलं. मल्लाप्पाने आधी घंटा वाजवली, ठण् ठण् ठण्, आणि ओरडला, “बाजूला, बाजूला व्हा, अण्णा!” मग बटण दाबलं. कुटुंब भिंतीला लागून ओळीने उभं राहिलं. मी त्यांच्यासमोरून सावकाश गेले. कुटुंबाने मान वळवून मला जाताना पाहिलं, जशी देवाची पालखी बघावी.

“चादर नवी दिसते,” बाई म्हणाल्या.

“डांबरगोळ्यांचा वास येतोय,” यजमान म्हणाले.

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. कारण उघड आहे. कारखान्यात क्रेन हलायच्या आधी घंटा वाजते. खालची माणसं बाजूला होतात, मग माल पुढे जातो. भाऊजींनी इतकी वर्षं घंटेशिवाय क्रेन हलवली नव्हती. भूत कसं हलवतील? आणि जत्रेला येणारे निम्मे त्याच कारखान्यातले. घंटा ऐकली की त्यांचे पाय आपोआप बाजूला व्हायचे. त्यांच्या बायकांचेसुद्धा.

नीलाला बाहेर पडायच्या दारापाशी बसवलं होतं. काम एवढंच, की घाबरलेल्याला पाणी द्यायचं. तिचा तांब्या भरलेलाच राहिला. मंडळी बाहेर येताना भाकरी गरम आहे का, याची चर्चा करत येत होती. तिला तिथे बसून सगळं ऐकू यायचं: घंटा, पाय सरकल्याचा आवाज, मग हसू. पुन्हा घंटा, पाय, हसू. शेवटी शेवटी घंटा वाजली की तीच भाऊजींच्या वतीने डोळे मिटून घ्यायची.

जत्रा उठली तेव्हा मंडळाचे चिटणीस आप्पाजी आले. माणूस वाईट नाही, पण चिटणीस.

“चंद्रकांत, तीन वर्षं झाली. लोक भुताला हसतायत. उद्याही असंच झालं तर परवा या वर्गांत रिंगा. आणि पुढच्या वर्षी भूतबंगला नको.”

भाऊजी “बरं” म्हणाले. घरी येऊन जेवले नाहीत. कागदावर मोटर काढत बसले.

“आवाज कमी पडतोय,” नीलाचा नवरा अरविंद म्हणाला. तो त्याच कारखान्यात नकाशे काढायचा.

“वेग कमी पडतोय,” भाऊजी म्हणाले.

“लाल दिवा लावा की स्वल्प मोठा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची हयात बंगळुरात गेलेली. कानडी त्यांच्या बोलण्यात मिठासारखं.

नीला ताटं उचलत होती. तिने तोंड उघडलं. मला दिसलं, मी कोपऱ्यात खुर्चीवर होते. पण तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “मी तर म्हणते, भुताला बांगड्या घाला,” आणि सगळे हसले. नीलाचं तोंड मिटलं. ताटं गेली.

दुसऱ्या दिवशी मोटर मोठी आली. वेग वाढला. आणि वेग वाढला म्हणून, नियमाप्रमाणे, घंटाही मोठी आली. ती शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जायची. आत शिरायच्या आधीच लोक बाजूला व्हायला लागले.

संध्याकाळ निम्मी सरली असेल. वेगाच्या भरात मी कप्पीच्या खिळ्याला अडकले आणि काठाजवळ टर्रकन फाटले. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून वाईट वाटलं ते भाऊजींच्या चेहऱ्याचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोटरकडे, आणि दोघींपैकी आधी कुणाबद्दल वाईट वाटून घ्यावं ते त्यांना कळेना.

“नीलाने सुईदोरा दिलाय, तिलाच पाठवते,” वहिनी बाहेरून ओरडल्या.

नीला आत आली. मला चौकटीवरून काढलं, दोन वर्गांमधल्या वळणावर बल्बखाली बसून शिवलं. बारीक, घट्ट टाके. शिवून झाल्यावर मला परत टांगायला ती उठली. दोन्ही हात उंच करून तिने मला समोर धरलं, आणि त्याच क्षणी वीज गेली.

आता बाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. आप्पाजी शेवटची तपासणी करायला म्हणून कृष्णाबाईंना घेऊन आत शिरले होते. वीज गेली तेव्हा ते मधोमध होते.

मोटर बंद. लाल दिवा बंद. मल्लाप्पा काळोखात घंटेची दोरी चाचपत होता. ती त्याच्या हाती लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो भूतबंगला शांत झाला.

नीला हलली नाही. आजूबाजूला तारा, वीज परत आली तर मोटर सुरू होणार. शहाण्या माणसाने अशा वेळी हलू नये. ती मला धरून तशीच उभी राहिली. तिचा श्वास माझ्या विणीतून आरपार जात होता.

“मल्लाप्पा,” आप्पाजींचा आवाज आला. “घंटा वाजव की रे.”

कुणी काही वाजवलं नाही.

“कृष्णाबाई, तुम्ही माझ्या मागेच आहात ना?”

“मी पुढे आहे,” मागून कुठूनतरी सासूबाई म्हणाल्या. त्यांचा दिशेशी काही संबंध राहिला नव्हता.

आप्पाजी भिंत चाचपत पुढे आले. त्यांचा हात मला लागला. “हा पडदा,” ते स्वतःशीच म्हणाले. हात थोडा वर सरकला. थांबला. पडदा कोमट होता. पडदा आत-बाहेर होत होता.

“कोण आहे?” आप्पाजींनी अगदी हळू विचारलं.

मोठ्या माणसाने विचारलं तर उत्तर द्यावं, हे नीलाला शिकवलेलं. तिने दिलं. तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या कानाशी, जेमतेम ऐकू येईल असं.

“मी.”

आप्पाजींची किंकाळी शाळेच्या फाटकापर्यंत गेली. त्या घंटेइतकीच, थोडी जास्तच. पाठोपाठ सासूबाईंची. तिसरी मल्लाप्पाची, त्याला कुणी काही केलं नव्हतं, पण तो म्हणाला की मागे राहणं बरं दिसत नाही.

वीज आली तेव्हा आप्पाजी दाराशी पायरीवर बसलेले होते. नीलाचा तांब्या पहिल्यांदा रिकामा झाला. भोवती लोक जमले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “आत काय आहे हो? आम्हाला सोडता का?”

पण आप्पाजींना ते ऐकू आलं नाही. एवढ्या लोकांत किंकाळी फोडलेला चिटणीस दुसरं काय करणार?

“बंद करा हे. वीज जाते, माणसं धडपडतात. चंद्रकांत, सामान काढ. उद्या इथं रिंगा.”

“आप्पाजी, वीज गेली त्यात दादाचा काय दोष?” अरविंद म्हणाला.

“मोटरला बॅटरी जोडतो,” भाऊजी म्हणाले. “घंटेलाही वेगळी. म्हणजे वीज गेली तरी घंटा वाजेल. कुणी घाबरणार नाही.”

ते बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. आप्पाजींनी मान हलवली. भाऊजींनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चौकटीचे स्क्रू काढायला ते आत वळले. त्यांची पाठ मी पाहिली. नीलानेही पाहिली. तिने मला छातीशी धरलं होतं, आणि तिचं हृदय माझ्यावर मोटरसारखं वाजत होतं.

इथे मला स्वतःबद्दल दोन शब्द सांगून घेऊ द्या. तिचं बोलणं झाल्यावर मला बोलायला जागा उरणार नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. मी मधोमध विरलेय. काठाजवळचा तो टाका अजून घट्ट आहे, बाकीचं अंग त्याच्याभोवती म्हातारं झालंय. ट्रंकेत मी पुन्हा गेले नाही. नीलाच्या पलंगावर असते. मुलं माझ्यावर उड्या मारतात, दूध सांडतात, आजारी पडली की मला ओढून घेतात. डांबरगोळ्यांचा वास गेला. आता मला माणसांचा वास येतो. दिवाळी झाली की तीन संध्याकाळी मी कामावर जाते. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं: घरात कुणी पाहुण्यांसाठी म्हणून घडी घालून ठेवलं असेल, तर त्याला ऊन दाखवा. वापरा. फाटलं तर शिवता येतं.

तर, नीला.

“भाऊजी, थांबा,” ती म्हणाली.

फार मोठ्याने नाही. पण तिच्याकडून एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता, म्हणून सगळे थांबले. भाऊजी दारात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वळले.

“घंटेला बॅटरी नको. घंटाच नको. क्रेनखाली माणूस सापडू नये म्हणून घंटा असते. इथे तर माणूस सापडायलाच हवा. तुम्ही घंटा वाजवता, लोक बाजूला होतात, मग घाबरणार कोण?”

मल्लाप्पाने कपाळाला हात लावला आणि कानडीत काहीतरी पुटपुटला.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग घंटेकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी त्या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

“मोटर?” त्यांनी विचारलं.

“मोटरही नको. अंधार हवा. वळणावर माणूस हवा, चादर घेतलेला. आणि पायाखाली गवताचा पेंढा टाका, म्हणजे कुणी पडलं तरी लागणार नाही. आप्पाजींचं ते म्हणणं बरोबर आहे.”

आप्पाजी पायरीवर सरळ होऊन बसले. आपलं काहीतरी बरोबर होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं. “पेंढा मी आणवतो,” ते म्हणाले. “उद्या एक संध्याकाळ बघू.”

“अगं पण,” कल्पनावहिनी पुढे झाल्या. सासूबाई त्यांचा पदर धरून अजून मागे उभ्या होत्या. “घंटा नाही, मोटर नाही, तार नाही. मग भूत यायचं कधी आणि कुठून?”

नीलाने मला दोन्ही हातांनी झटकलं, घडी घातली आणि वहिनींच्या हातात दिलं.

“यायचं नाहीच, वहिनी. ते आधीपासून तिथंच असतं. उद्या तुम्ही उभ्या राहा. फक्त बोलायचं नाही.”