दोन्ही हात पिठात

खुशीने चुलीवरचं मडकं उचलून उन्हात आणलं आणि गोल फिरवून पाहिलं. मडकं ठणठणीत होतं. फोनवरच्या तिच्या व्हिडिओत मात्र तेच मडकं एका बाजूने आत दबलं होतं. त्यावर पडणारी लांब रोटी मधेच आखडून पुन्हा रुंद होत होती आणि मागची भिंत पाण्यात पडल्यासारखी हलत होती. या सगळ्या गोंधळात खुशीचे हात तेवढे सुरेख दिसत होते, शेवग्याच्या शेंगांसारखे.

"पिचकलं काय वं?" सिंधूताईंनी परातीपासून मान वर न करता विचारलं.

"नाही, मोठीआई. चांगलं आहे."

"मंग सकाळी फोनवर देवराव काहून तसं म्हणून राहिले होते?"

खुशीने मडकं आणखी एकदा फिरवलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

सिंधूताई म्हणजे खुशीची थोरली काकू. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घराच्या मागच्या अंगणात त्या लांब रोट्या करत आणि लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेत. नागपूरच्या माणसाला ही रोटी समजावून सांगायला गेलं तर तो हसेल. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते, की सैल भिजवलेली कणीक परातीत आपटून आपटून लवचिक करायची, तिचा गोळा हातांवर घ्यायचा, कोपरापर्यंत खेळवत पसरायचा आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद सोडायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. जे काय आहे ते हातच. आणि अशा घरातल्या मुलीला लाज वाटावी ती नेमकी हातांचीच!

ही लाज तिने कॉलेजात गेल्यावर कमावली. शहराच्या सदर भागात राहणारी उन्नती नावाची एक मुलगी फोनवर व्हिडिओ टाकून रोज व्यायाम आणि आहार शिकवायची. तिने एकदा एक परीक्षा सांगितली होती. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती टेकवायचं आणि हात तसाच वर सरकवायचा. बोटं सुटली की तिथून तुमचा आळस सुरू झाला. उन्नतीची बोटं पार कोपराच्या जवळ जाऊन सुटली. खुशीची मनगटावरच सुटली. त्या दिवसापासून नागपूरच्या उन्हाळ्यातही तिने पूर्ण बाह्या सोडल्या नाहीत, आणि बसमध्ये, वर्गात, टीव्हीसमोर तिची बोटं आपोआप दुसऱ्या हाताभोवती जाऊन मोजू लागली. माप काही बदलत नव्हतं. मुलगी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

तरी रोटीचा व्हिडिओ टाकायची हौस होतीच. पूर्ण बाह्या घालून रोटी होत नाही, म्हणून तिने बाह्या सारल्या आणि हात बारीक करणारा फिल्टर लावला. फिल्टर बिचारा प्रामाणिक. त्याने हातांच्या आसपास जे जे दिसलं ते सगळंच बारीक केलं. खाली लोकांनी लिहिलं, रोटी खोटी आहे, मडकं वाकडं आहे, सगळं कम्प्युटरने बनवलंय.

आणि आज सकाळी कळमेश्वरहून देवरावांचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या, भावनाच्या लग्नात सिंधूताईंच्या रोट्या ठरल्या होत्या.

"सिंधूताई, राग नका मानू," ते म्हणाले होते, "पण सोयरे तो व्हिडिओ दाखवून हसून राहिले. म्हणतात, मडकं पिचकलेलं, देवरावनं कम्प्युटरच्या रोट्या सांगितल्या. माहा भरवसा आहे तुमच्यावर, पण सोयऱ्यांच्या तोंडाले हात कोण लावल? संध्याकाळपर्यंत एखादा खराखुरा व्हिडिओ टाका. नाही तर मले दुसरीकडं पाहा लागल."

सिंधूताई फोनवर फक्त "हाव" म्हणाल्या. मग परातीपाशी बसल्या आणि कणीक अशी आपटू लागल्या की शेजारच्या घरातलं मांजर भिंतीवरून उतरून गेलं. आजवर त्यांच्या रोटीला कुणी जाड म्हटलं होतं, कुणी मिठाला कमी म्हटलं होतं. खोटी कुणी म्हटलं नव्हतं.

खुशी मडकं घेऊन परत आली. ते चुलीवर ठेवताना तिने सगळं सांगून टाकलं. फिल्टर, उन्नती, बोटांची परीक्षा, सगळं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं आणि वरून धूरही गेला, त्यामुळे ते कशाचं हे दोघींनीही विचारलं नाही.

सिंधूताईंचे हात परातीत थांबले.

"म्हणजे त्यानं तुले वाळवलं, अन् संगं माह्या मडक्यालेही वाळवलं?"

"हाव."

सिंधूताई एवढ्या हसल्या की अंग गदगदलं. नेहमीसारखा पदर तोंडावर गेला, पदराला कणीक लागली.

"हसू नको नं, मोठीआई. आता काय करावं सांग."

"काय करावं म्हणजे? फिल्टर काढ अन् कर रोटी."

"मी नाही. सगळं कॉलेज पाहते ते." खुशीने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. "तू कर. तुझ्यासारखी रोटी कोणाची आहे?"

"मी? नाही बाप्पा." पदर पुन्हा तोंडावर.

खुशीने तो पदर लहानपणापासून पाहिला होता. हसल्या की पदर, बोलता बोलता हसू आलं तरी पदर, लग्नाच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले. जुनी माणसं अशीच हसतात, असं ती धरून चालली होती. आज पहिल्यांदाच तिने विचारलं.

"काहून?"

"माहे दात नाही पाहिले तू? समोरच्या दोघांतून बैलगाडी जाईन." सिंधूताईंनी गोळा उचलून पुन्हा परातीत टाकला. "लग्नात एक बाई म्हणली होती, सून चांगली आहे, फक्त तिले हसवू नका. सारा मांडव हसला. तवापासून."

"कोण होती ती?"

सिंधूताईंनी आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाव नाही आठवत वं आता. मेलीही असन."

खुशीलाच आधी हसू फुटलं. इतक्या दिवसांत ती असं हसली नव्हती. ती मेलेली बाई उन्नतीची कुणीतरी लागते असं तिला उगाच वाटून गेलं.

"मंग दोघी करू," खुशी म्हणाली. "शेजारी शेजारी. तू पदर नाही घ्यायचा."

"अन् तू?"

"मी फिल्टर नाही घ्यायचा."

"पदर तसाही खोचाच लागते चुलीपाशी," सिंधूताई म्हणाल्या. हा होकार होता.

दुसरी चूल पेटवली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. खुशीने बाह्या दंडापर्यंत सारल्या. हिवाळ्याचं ऊन थेट हातांवर आलं. तिने फोनच्या पडद्यात स्वतःला पाहिलं. बोटं मोजायला निघाली, पण तेवढ्यात सिंधूताईंनी कणकेचा गोळा तिच्या तळव्यांवर ठेवला.

"सांभाळ. दोन्ही हातानं."

कणीक थंड आणि जड होती. ती एका हातावरून दुसऱ्या हातावर, मनगटावरून कोपराकडे सरकू लागली. थांबलं की ती खाली ओघळते, घाई केली की फाटते. शेजारी सिंधूताईंची रोटी पांढऱ्या ओढणीसारखी लांब होत होती. खुशीला पाहायला वेळ नव्हता, लाजायला तर नव्हताच. तिची रोटी जवळजवळ झाली होती. मडक्यावर सोडणार तेवढ्यात मधे भोक पडलं, भोक मोठं झालं आणि सगळी रोटी घसरून तिच्या दंडात बांगडीसारखी अडकली.

"अवो माय!" खुशी ओरडली.

सिंधूताई हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून. पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हातांवर रोटी. तोंड झाकायला काही उरलंच नव्हतं. तशाच हसत त्यांनी आपली रोटी मडक्यावर सोडली. ती नेहमीसारखी एकसारखी पडली.

नंतर ओसरीवर बसून खुशीने तो व्हिडिओ लावला. मडकं गोल होतं. भिंत सरळ होती. रोटी हातभर लांब होती आणि कुणीही खोटी म्हणू शकलं नसतं. खुशीने पुढे सरकवत ते हसणं येईतो आणलं आणि थांबवलं.

"हे कापू का, मोठीआई? फक्त हे हसणं काढते, बाकी सगळं ठेवते."

सिंधूताईंनी चष्मा लावला. पाहिलं.

"कापू?"

"थांब वं. पुन्हा लाव."

खुशीने पुन्हा लावलं. सिंधूताई फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागल्या. पडद्यावरची बाई मान मागे टाकून हसत होती, समोरच्या दोन दातांमधली फट स्वच्छ दिसत होती.

"माही आई अशीच हसे," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच. मी तर कधी पाहिलंच नाही, मीही तशीच हसतो म्हणून."

त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. खुशीने लावलं. मग काही न कापता तिने तो तसाच टाकला. आणि टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, की इतक्या वेळा पाहूनही आपले हात कसे दिसतात हे बघायचं राहूनच गेलं. तिला धस्स झालं आणि त्याच वेळी फार बरं वाटलं.

दिवेलागणीला देवरावांचा फोन आला. या वेळी त्यांच्या मागे बायकांचा कल्ला ऐकू येत होता.

"रोट्या पक्क्या, सिंधूताई! पण आता नवीनच भानगड झाली. भावना म्हणून राहिली, नुसत्या रोट्या नको, त्या दोघींनाच मांडवात बसवा. पाहुण्यांसमोर करा म्हणते. अन् ते दंडात रोटी अडकवणारी पोरगी आलीच पाहिजे म्हणते."

"मांडवात?" सिंधूताई म्हणाल्या. त्यांनी खुशीकडे पाहिलं. खुशीने मान डोलावली.

"येतो," सिंधूताई म्हणाल्या. "दोघी येतो."

फोन ठेवून त्यांना पुन्हा ती बांगडी आठवली आणि हसू आलं. सवयीने हात पदराकडे गेला, पदर तोंडापर्यंत आला. तिथे तो थोडा थांबला. मग त्यांनी खुशीचा हात ओढून घेतला, आणि तिच्या दंडावर वाळलेली कणीक त्या पदराने पुसायला लागल्या.