लिंबाच्या वासाचा पुदिना

लेक सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती, आणि जाताना आईच्या पुदिन्याची एक काडी नेणार होती. फोनवर तिने चारदा बजावलं होतं. म्हणून कुंभार तीन दिवस तळ्याकाठी चिखलात बसून एकेक पान चुरगळून हुंगत होता.

काठाच्या ओलीत पुदिना दोन जातींचा. एक दांडगा, नाकाला झोंबणारा, बोट दिलं की हात धरणारा. दुसरा नाजूक, लिंबाच्या वासाचा, बायकोने माहेराहून आणलेला. "अहो, ह्या गुंडाशेजारी माझा बिचारा टिकायचा नाही," म्हणत तिने नवऱ्याकडून बूड नसलेलं मडकं घडवून घेतलं, चिखलात गळ्यापर्यंत पुरलं आणि आपला पुदिना त्यात लावला. वीस वर्षं तो तिथे सुखाने नांदला. दांडग्याची मुळं मडक्यावर डोकं आपटून माघारी फिरायची.

मग ती अंथरुणाला खिळली. दोन वर्षं चार भिंती आणि एक खिडकी. ती गेली त्याच आठवड्यात कुंभार काठावर आला, मडक्यात दाटीने उभ्या पुदिन्यापाशी बसला. त्याने दगड उचलून मडकं फोडलं. जन्मभर मडकी घडवणाऱ्या शहाण्याने फोडलं ते नेमकं हे! सहा महिन्यांत दांडग्याने सगळा काठ गिळला.

लेकीने पान हुंगलं. दुसरं हुंगलं.

"बाबा, हा आईचा नाही."

"नाही."

"मडकं कुठंय?"

"मी फोडलं. दोन वर्षं कोंडून पडली होती गं ती. म्हटलं, निदान ह्याला तरी मोकळं करावं."

लेक बोलायला गेली आणि रडायलाच लागली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, काडीसाठी बापाने घडवलेली नवी कुंडी घेतली आणि मडक्याच्या जागचा चिखल तीत भरू लागली.

"मुळाचा एखादा तुकडा असेल ह्यात. पुदिना चिवट असतो, हो ना बाबा?"

मातीतला बारीकसा खडाही कुंभाराच्या बोटांना डोळे मिटून सापडायचा. हाच चिखल त्याने तीन दिवस मूठमूठ चाचपून पाहिला होता.

"असेल की," तो म्हणाला, आणि कुंडी काठोकाठ भरून दिली.