शिकली की काढली

मित्रांनो, टॉवेलच्या कडा दुमडून शिवणारी मी एक जुनी मशीन आहे. सोलापुरात, साखर पेठेतल्या एका कारखान्यात मला टेबलाला बोल्टांनी जखडून टाकलं आहे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. निराधार बायकांना काम मिळावं म्हणून एक सरकारी योजना निघाली. आधारगृहातल्या बाईला कारखान्याने काम शिकवायचं, शिकेपर्यंत अर्धा पगार सरकारने द्यायचा आणि पुढे कारखान्याने तिला कायम ठेवून घ्यायचं, असा बेत होता. पण आमचे मालक चन्नवीरअण्णा धोरणी. बाई तयार झाली की ते तिला काढत आणि नवी मागवत. एका हाताची सवय होते न होते, तोच माझ्यापुढे दुसरा हात येई.

अशात अक्कलकोटकडची चंद्रव्वा आली. नवऱ्याने टाकलेली. तिची लेक कुंभारीला भावाकडे होती. कायमचं काम लागल्याशिवाय ना आधारगृह तिला सोडणार होतं, ना लेक तिच्यापाशी येणार होती.

चंद्रव्वाला काम लवकरच जमलं. जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांवर ती अशी सरळ शिवण घाली की मलाच नवल वाटे. पण सुट्टी संपली की तीच चंद्रव्वा कापड मुद्दाम तिरकं सारी. शिकली असं कोणी म्हणू नये, एवढीच तिची धडपड. बोल मात्र मला लागत. अण्णा येता-जाता माझ्या पायट्यावर, पायाने दाबायच्या पट्टीवर, लाथ मारत. मला जागचं हलता येत नव्हतं, आणि तिलाही.

एके दिवशी योजनेचे साहेब तपासणीला आले. त्या वाकड्या कडा पाहून ते म्हणाले, या बाईला हे काम जमायचं नाही, हिला परत पाठवतो.

चंद्रव्वाने सुईखालची वाकडी कड बाजूला सारली. मग ती हळूच म्हणाली, "मला येतंय की, साहेब. शिकली म्हनलं की काढत्यात, म्हनून वाकडं शिवत हुते." आणि तिने साहेबांसमोर एक लांबलचक कड शिवली. सुतासारखी सरळ.

साहेबांनी ती कड बोटांनी चाचपून पाहिली. हिला आता कायम करा, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. अण्णांनी हात जोडले. "जागा न्हाय, साहेब. नवी बाई द्या, शिकवतो की."

योजनेत सक्ती नव्हती. साहेब मान खाली घालून निघून गेले.

जाण्याआधी चंद्रव्वाने माझ्यात अडकलेला कापूस काढला, तेल सोडलं, पुढच्या बाईसाठी सुईत दोरा ओवून ठेवला. माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि ती आधारगृहाकडे चालू लागली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, तशी काम शिकलेल्या माणसांचीही राखा. मी बिघडले की कारखान्यातला नागप्पा मिस्त्री दुरुस्तीला धावत येतो. चंद्रव्वा तर बिघडलीच नव्हती. ती नीट चालू लागली, म्हणून तिला काढलं.