टोमॅटोच्या काठ्या

तिसरी पाटी उपटेपर्यंत नोरीनच्या सपातांत दव शिरलं होतं. पाटीवर लाल अक्षरं: 'घर विकणे आहे.' घर विकायचं नव्हतं. पण टॉलिव्हर गावच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ शुक्रवारी हरला, की शनिवारी पहाटे कोचच्या अंगणात अशा पाट्या उगवायच्या, कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तशा.

"किती गं आज?" समोरच्या ओसरीवरून आर्लीननं विचारलं. म्हातारी ऐंशीची, झोप कमी, नजर तेज.

"तीन."

"पाच होत्या. मी चष्मा लावून मोजल्यात."

"दोन वाऱ्यानं गेल्या असतील."

"बरा बाई तुमच्याकडचा वारा! निवडून निवडून नेतो."

नोरीननं हसल्यासारखं केलं आणि पाट्या काखेत मारून मागच्या दारी गेली. कागद फाडून चुलीत, काठ्या टोमॅटोच्या वाफ्यात. या गावातली अकरा वर्षं, त्याआधीच्या दोन गावांतली आठ. तिच्या टोमॅटोला आधार कधी कमी पडला नव्हता. कोच म्हणजे तिचा नवरा वेंडेल; तो उठायच्या आत सगळं आवरायचं, एवढाच नेम. एवढ्या काठ्या येतात कुठून, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. नवऱ्यांना असल्या गोष्टी दिसत नाहीत, असं तिनं धरून ठेवलं होतं.

चार सामने ओळीनं हरले होते. पाचवा, म्हणजे शेवटचा, येत्या शुक्रवारी. सोमवारी शाळेच्या मंडळाची बैठक, कोचला ठेवायचं की काढायचं ते ठरवायला. बुधवारी दुकानात मंडळाचा अध्यक्ष गॅरी स्टॉल्क भेटला आणि त्यानं तिच्या गुडघ्याची चौकशी केली. तेव्हा तिला खरी भीती वाटली. रोज शिव्या देणारा माणूस गोड बोलायला लागला, की समजावं, निर्णय झालाय.

लोकांचं म्हणणं एकच: हा वेंडेल चेंडू फेकू देत नाही. सदा आपलं पळा, पळा. कोल्बी रीससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू वाटणारा मुख्य गडी, सोन्यासारखा हात, आणि कोच त्याला चेंडू पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी खुपसायला लावतो!

का, ते नोरीनला माहीत होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी वेंडेल स्वतः विद्यापीठाचा क्वार्टरबॅक होता. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या अर्ध्या मिनिटात, त्याच्या कोचनं पळायची खूण केली होती आणि यानं फेकला. चेंडू गेला थेट समोरच्या संघातल्या एकाच्या हातात. दुसऱ्या दिवशी पेपरात कोचचं एक वाक्य होतं: 'मी पळायला सांगितलं होतं. पोरानं ऐकलं नाही.' ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. अजूनही पेट्रोल भरताना एखादा अनोळखी म्हातारा विचारायचा, "तूच ना रे तो? न ऐकणारा?" वेंडेल म्हणायचा, "मीच तो." आणि पैसे द्यायला आत जायचा.

शुक्रवारी संध्याकाळी ती नेहमीसारखी पहिल्या ओळीत बसली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो वहिनी, नवऱ्याला सांगा, चेंडूला हवा लागली तर सर्दी नाही होत!" माणसं हसली. तिनं हातातल्या कॉफीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.

घड्याळात अकरा सेकंद उरले. टॉलिव्हर चार गुणांनी मागे, गोलची रेष तीन पावलांवर, शेवटचा प्रयत्न. वेंडेलनं खुणा केल्या. टोपी, कोपर, पोट. या खुणा नोरीनला पाठ होत्या. उन्हाळाभर तो स्वयंपाकघरात अंडी तळता तळता त्यांचाच सराव करायचा. टोपी, कोपर, पोट: पळा.

कोल्बीनं मान हलवली. चेंडू हातात आला, पोरगा दोन पावलं मागे सरला आणि त्यानं फेकला.

चेंडू समोरच्या संघातल्या एकाच्या छातीवर जाऊन बसला.

सामना संपला. कोल्बी गुडघ्यांवर बसून राहिला. वेंडेल त्याच्याजवळ गेला, खाली वाकून काहीतरी बोलला. नोरीन कुंपणापाशी पोचली तेव्हा गॅरी वेंडेलला गाठून उभा होता.

"वेंडेल, हे तू सांगितलं नव्हतंस. तुझ्यानं सांगवलंच नसतं. पोरानं आपल्या मनानं फेकला, एवढं त्या पेपरवाल्याला सांग. सोमवारी मला तुझ्या बाजूनं काही बोलता येईल."

पेपरवाला वही उघडून उभाच होता. नोरीननं कुंपणाची तार घट्ट धरली. सांग, तिच्या मनात आलं. खरंच तर आहे, सांगून टाक. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"फेकायला मीच सांगितलं होतं," वेंडेल म्हणाला. "पोरानं ऐकलं. लिहून घ्या, रीस आर ई ई एस ई. मागच्या वेळी चुकवलं होतं तुम्ही."

गाडी घराच्या वळणावर आली तेव्हा नोरीन म्हणाली, "टोपी, कोपर, पोट."

"हं," तो म्हणाला.

सकाळी उजाडायच्या सुमारास ती सपाता घालून बाहेर आली, तर वेंडेल अंगणात होता. पायजम्यावर संघाचं जाकीट, काखेत चार पाट्या. पाचवी तो अगदी सावकाश, सरळ वर ओढत होता.

"अशी काढायची असते," मागे न बघता तो म्हणाला. "तू हिसडतेस. काठी चिरते."

नोरीन पायरीवरच थांबली. "म्हणजे तो वारा..."

"सगळ्याच काढल्या असत्या, तर मला माहितीये हे तुला कळलं असतं." त्यानं काठीचं टोक बुटावर आपटून माती झाडली. "म्हणून तीन-चार ठेवायचो."

समोर आर्लीन चष्मा लावून बसली होती. आज तिनं आकडा विचारला नाही.

कोपऱ्यात एक पाटी उरली होती, घाईत ठोकलेली, रस्त्याकडे कललेली. नोरीन ती काढायला वाकली.

"ती राहू दे," वेंडेल म्हणाला. "सोमवारनंतर ती लागेल."

त्यानं काखेतल्या पाट्या खाली ठेवल्या, दोन्ही हातांनी ती सरळ केली आणि दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, नीट बसली का ते पाहिलं.